प्रशिक्षणाची जागा घराजवळ मागा

पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरा ओलांडली की शिरवळ लागते. तिथून खंबाटकी घाटापर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगांना कारखाने आहेत: शिरवळला गोदरेज, खंडाळ्याला एशियन पेंट्स, केसुर्डीला एमआयडीसी, आणि त्यांना माल पुरवणारी छोटी-मोठी वर्कशॉप. एकेकाळी पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या या खंडाळा तालुक्याला आज पगाराची सवय झाली आहे. याच सातारा जिल्ह्यातले माण आणि खटाव, शेजारच्या सांगलीतले आटपाडी आणि जत, या तालुक्यांतून मात्र अशा कामापर्यंत पोहोचायचे तर आधी घर सोडावे लागते. बाईच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढते. माणच्या मुलाला शिरवळ लांब पडते, आणि शिरवळपासून दहा किलोमीटरवरच्या वाडीत सून म्हणून आलेल्या मुलीलाही ते तितकेच लांब पडते. सरकारच्या प्रशिक्षण आणि रोजगार योजनांचा लाभ कोणत्या तालुक्यांना आणि कुणाला जास्त मिळतो, हे समजून घ्यायचे तर या दोन अंतरांचा विचार एकत्र करायला हवा. योजना निवडताना कोर्सच्या नावाआधी जागा, वेळ, सोबत आणि मूल सांभाळण्याची सोय विचारा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. सहभाग ठरतो तो याच गोष्टींवर, आणि त्या मागून मिळण्यासारख्या आहेत.

आधी हाताशी काय आहे ते पाहू. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. शिरवळ पट्ट्यातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या या नियमात बसतात. 2024 मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. 18 ते 35 वयाच्या उमेदवाराला कामाच्या ठिकाणी अनुभव आणि महिन्याला विद्यावेतन अशी तिची रचना आहे: बारावी झालेल्यांना 6,000, आयटीआय किंवा पदविका असलेल्यांना 8,000, पदवीधरांना 10,000 रुपये. सुरुवातीची सहा महिन्यांची मुदत पुढे अकरापर्यंत वाढली. लोकांत ती ‘लाडका भाऊ’ म्हणून ओळखली जाते, म्हणून स्पष्टच सांगायला हवे की ती मुलींनाही तितकीच खुली आहे. स्वतःचा धंदा करायचा असेल तर अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. तिथले प्रशिक्षण मोफत असते, राहण्याजेवणाचीही सोय असते. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत एक तृतीयांश उमेदवार स्त्रिया असाव्यात असा नियमच आहे, आणि राज्यातल्या आयटीआयमध्ये 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. नियमांच्या पातळीवर स्त्रीला दार बंद नाही. तरीही फिटर, टर्नर, वेल्डरच्या वर्गांत मुली तुरळक असतात आणि शिवणकाम, ब्यूटी पार्लर, कोपाच्या (संगणक चालक) वर्गांत गर्दी करतात. कारखान्याच्या पगाराकडे नेणारा रस्ता पहिल्या वर्गांतून जातो, दुसऱ्यांतून क्वचितच.

याची कारणे विचारली की दोन उत्तरे हमखास मिळतात: बायकांनाच बाहेरचे काम नको असते, आणि दुष्काळी भागातल्या लोकांना शिकायची ओढ नसते. ही दोन्ही उत्तरे खोटी पाडणारा पुरावा याच दोन जिल्ह्यांच्या इतिहासात आहे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले विसापूर हे रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांचे गाव. मागेल त्याला काम, या कल्पनेचा पहिला प्रयोग साठच्या दशकात तिथेच झाला. 1972 च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर पोहोचली. 1977 मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. त्याच्या खर्चासाठी 1975 पासून व्यवसाय कर बसवण्यात आला. आजही शिरवळच्या कंपनीतल्या कामगाराच्या पगारपत्रकावर तो दर महिन्याला दिसतो, पण त्याचा उगम दुष्काळी गावातल्या मजुरीत आहे हे फार थोड्यांना माहीत असते. रोजगार हमीच्या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या. गोखले संस्थेच्या कुमुदिनी दांडेकर यांनी 1983 मध्ये या योजनेवर पुस्तक लिहिले तेव्हा स्त्रियांना मिळालेली रोजगाराची संधी हाच त्याचा विषय होता. माण, खटाव, जत, आटपाडीतल्या बायका बंधारे, पाझर तलाव आणि रस्त्यांच्या कामांवर गेल्या. उन्हात खडी फोडायला जाणाऱ्या बाईला बाहेरचे काम नको असते, असे कुणी म्हणू नये.

रोजगार हमीत असे वेगळे काय होते? काम गावाजवळ असे. शेजारपाजारच्या बायका सोबत असत, म्हणून सासूला किंवा नवऱ्याला एकटीने जाण्याची धास्ती वाटत नसे. शिक्षणाचा दाखला लागत नसे, आणि बाई-पुरुषाला कामाचा दर एकच होता. पुढे 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने याच गोष्टी नियमांत बांधल्या: काम पाच किलोमीटरच्या आत, त्यापलीकडे गेल्यास दहा टक्के जादा मजुरी, आणि कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमणे. पण हा एकच कायदा देशभर सारख्या रीतीने राबवला गेला नाही. केरळात कुडुंबश्रीच्या बचत गटांतल्या बायकांनीच कामावर मेट म्हणून देखरेख केली आणि तिथे मजुरांत स्त्रियांचा वाटा नव्वद टक्क्यांच्या आसपास गेला. उत्तर प्रदेशात तो बराच काळ एक तृतीयांशाच्या आसपास किंवा त्याहून खाली राहिला. महाराष्ट्र या दोघांच्या मधे कुठेतरी आहे. कायदा एक, मजुरीचे सूत्र एक, तरी फरक एवढा मोठा. केवळ स्वभाव किंवा संस्कृतीच्या नावाने तो समजावता येत नाही. कामाची मांडणी कशी केली याचा त्यात मोठा हात आहे.

प्रशिक्षणाच्या बाबतीत यापेक्षाही नेमका पुरावा आहे. पाकिस्तानातल्या पंजाबात ग्रामीण स्त्रियांसाठी शिवणकामाचे वर्ग घेऊन संशोधकांनी अंतराचा परिणाम मोजला. वर्ग गावातच असेल तर नाव घालून कोर्स पुरा करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण दूरच्या केंद्राच्या तुलनेत चौपटीहून जास्त निघाले. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की या गळतीतली निम्म्याहून अधिक केवळ गावाची वेस ओलांडताना होत होती. पुढचे किलोमीटर वाढले तरी तेवढा फरक पडत नव्हता. खात्रीची, सगळ्यांनी मिळून जाण्याची गाडी दिली तेव्हा हा अडसर बराच कमी झाला. नुसत्या समजावणीच्या उपक्रमांनी फारसे काही बदलले नाही. आपल्याकडच्या कित्येक जनजागृती मेळाव्यांचा पैसा याच कारणाने वाया जातो असे माझे मत आहे. बाईला पटलेले असते, घरच्यांनाही बऱ्याचदा पटलेले असते. सकाळी साडेसातला ती कुणाबरोबर जाणार आणि संध्याकाळी अंधार पडताना कशी येणार, हा प्रश्न तेवढा सुटलेला नसतो.

पुरुष धाडसी म्हणून बाहेर पडले आणि बायका मागे राहिल्या, असेही म्हटले जाते. सातारा-सांगलीचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेले हे खरेच आहे. मुंबईच्या गिरण्यांत गेले, गोदीत आणि बाजारात माथाडी झाले, खानापूर-आटपाडीकडून गलाईच्या, म्हणजे सोने शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर पसरले. 2011 च्या जनगणनेत राज्यात दर हजार पुरुषांमागे 929 स्त्रिया होत्या, सातारा जिल्ह्यात 988, आणि या फरकात बाहेर गेलेल्या पुरुषांचाही वाटा आहे. पण यातला कुणीही एकटा, अंदाजाने निघाला नव्हता. मुंबईत गावाची खोली होती, मुकादम ओळखीचा होता, गलाईत मामा किंवा चुलता होता. त्याच्या दुकानात झाडू मारण्यापासून सोने शुद्ध करण्यापर्यंत सगळे शिकायला मिळे. माथाडींसाठी अण्णासाहेब पाटलांनी संघटना उभी केली आणि 1969 मध्ये कायदा आला. म्हणजे प्रवास, निवारा, शिक्षण आणि नोकरी या चारही गोष्टींची तजवीज समाजाने पुरुषांसाठी करून ठेवली होती. स्त्रीसाठी अशी तजवीज कुणी केली नाही. आज सरकारी योजना ती करायला निघाल्या आहेत, पण त्यांची रचना करताना डोळ्यांसमोर असतो तो सकाळी मोटरसायकलला किक मारून निघणारा अविवाहित मुलगाच.

आता तुम्ही स्वतः कोर्स किंवा ट्रेनिंग निवडत असाल तर काय करायचे ते पाहू. नाव घालण्यापूर्वी केंद्रावर एकदा प्रत्यक्ष जा, आणि वर्ग सुटण्याच्या वेळेलाच जा. तिथून तुमच्या गावाला शेवटची एसटी कधी आहे ते बघा. मार्च 2023 पासून स्त्रियांना एसटीत निम्मे तिकीट आहे, पण गाडी वेळेवर नसेल तर निम्म्या तिकिटाचा उपयोग नाही. भादे, विंग, नायगाव, अंदोरी अशा गावांतून शिरवळ, खंडाळा किंवा लोणंदला जायचे असेल तर एकटीने अर्ज भरू नका. बचत गटातल्या, वाडीतल्या चार-पाच जणींनी एकाच बॅचला, एकाच कंपनीत नाव घाला आणि गाडी ठरवून घ्या. कंपनीची बस तुमच्या फाट्यावर थांबू शकते का, हे मुलाखतीतच विचारा. ट्रेनीला बस मिळत नाही असे काही ठिकाणी सांगतात, पण चार जणींनी मिळून विचारले तर उत्तर बदलू शकते. शिफ्ट कोणत्या आहेत, रात्रपाळी लागणार का, लागली तर घरापर्यंत सोडणार का, हेही पहिल्याच दिवशी विचारायचे. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी असा नियम 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आला. सोय आहे का, आणि ट्रेनीच्या मुलाला ती मिळते का, हे निःसंकोच विचारा. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात अप्रेंटिस आणि प्रशिक्षणार्थीही येतात, आणि दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. समितीच्या सदस्यांची नावे फलकावर लावलेली आहेत का, ते जाताच पाहून घ्या.

कागदांचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण लग्न झालेल्या मुलींची नावे इथेच अडकतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेच्या खात्यावर तिसरेच काहीतरी. विद्यावेतन थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते, त्यामुळे नाव जुळले नाही की पैसे थांबतात. तीन महिने विद्यावेतन आले नाही की घरचे म्हणतात, बस झाले. म्हणून नोंदणीच्या आधी विवाह नोंदणीचा दाखला काढा, आधार आणि बँक खाते एकाच नावावर आणा, खाते स्वतःचेच ठेवा, नवऱ्याबरोबरचे संयुक्त नको. मगच महास्वयम संकेतस्थळावर नोंदणी करा. मोबाईलवर जमत नसेल तर साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जा, आणि नोंदणीला मोबाईल नंबर स्वतःचाच द्या. मुलाखतीचा निरोप घरातल्या दुसऱ्याच्या फोनवर गेला आणि तुम्हाला उशिरा कळला, तर जागा गेलीच.

कोर्स कोणता, हा प्रश्न यानंतर येतो. शिवणकाम वाईट नाही. पण एका वाडीत आधीच सहा शिलाई मशीन असतील तर सातवीला गिऱ्हाईक कुठून येणार, हे शिकवणाऱ्या संस्थेने सांगायला हवे आणि शिकणारीने विचारायला हवे. ज्या कंपन्यांच्या गाड्या तुमच्या रस्त्यावरून जातात त्या कोणत्या ट्रेडचे अप्रेंटिस घेतात ते आधी काढा. इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, गुणवत्ता तपासणी, पॅकिंग लाइन, प्रयोगशाळा सहायक, यांतले एकही काम बाईच्या ताकदीबाहेरचे नाही. जड काम असते म्हणून मुली घेत नाही, असे सांगणाऱ्या सुपरवायझरला हेही आठवायला हवे की याच भागातल्या बायका डोक्यावरून उसाच्या मोळ्या वाहतात.

आता आक्षेपांकडे वळू. सगळ्यांत गंभीर आक्षेप असा की प्रशिक्षणातून नोकरी मिळतच नाही, मग एवढी यातायात कशाला? त्यात तथ्य आहे. युवा कार्य प्रशिक्षणातल्या अनेकांना शासकीय कार्यालये, ग्रामपंचायती आणि शाळांत बसवले गेले. मुदत संपल्यावर त्यांना पुढचा रस्ता दिसला नाही आणि कायम करा म्हणून त्यांनी आंदोलने केली. म्हणूनच माझा सल्ला आहे की शक्य असेल तिथे कार्यालयाऐवजी उद्योगातली जागा घ्या, कारण तिथे शिकलेले काम दुसऱ्या कंपनीतही चालते, आणि बाहेर पडताना अनुभवाचे प्रमाणपत्र सोडू नका. जगभरचा अनुभवही इथे धीर देणारा आहे. डेव्हिड कार्ड, योखेन क्लुव्ह आणि आंद्रेआ वेबर यांनी दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. त्यांना आढळले की अशा कार्यक्रमांचा परिणाम पहिल्या वर्षात जवळजवळ दिसत नाही, तो दोन-तीन वर्षांनी दिसू लागतो, आणि स्त्रियांच्या बाबतीत तो पुरुषांपेक्षा मोठा असतो. युरोपातल्या देशांच्या आढाव्यातही असेच आढळले: जिथे स्त्रिया नोकरीत कमी आहेत तिथे प्रशिक्षणाचा त्यांना जास्त फायदा होतो. म्हणजे ज्या गटाला या योजनांचा सर्वांत जास्त उपयोग होण्याची शक्यता आहे, त्याच गटाला तिथे पोहोचणे सर्वांत अवघड केलेले आहे. सहा महिन्यांत निकाल दिसला नाही म्हणून मुलीला घरी बसवू नका, एवढे घरच्यांनाही सांगते.

दुसरा आक्षेप मुलांच्या बाजूने येतो: इथे पोरगेच बेकार फिरताहेत, मुलींना जागा कशाला? पण घराजवळचा वर्ग, वेळेवर येणारी गाडी, कागदपत्रांची मदत, यातली कोणती गोष्ट जतच्या मुलाच्या तोंडचा घास काढते? उलट ज्या तालुक्यात केंद्रच नाही तिथल्या मुलालाही तीच अडचण आहे. 2023 च्या ऑक्टोबरात राज्यात 511 प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे सुरू झाली, म्हणजे वर्ग गावात न्यायला हवा हे सरकारनेही मान्य केले आहे. तुमच्या जवळ असे केंद्र आहे का आणि तिथे कोणते कोर्स चालतात, याची चौकशी ग्रामपंचायतीत करा. म्हसवडच्या माणदेशी संस्थेने हे फार आधी करून दाखवले. चेतना सिन्हांनी 1997 मध्ये तिथे बायकांची सहकारी बँक उभी केली, 2006 मध्ये उद्योगाचे शिक्षण देणारी शाळा काढली आणि पुढे ती शाळा बसमध्ये घालून गावोगाव नेली. माणसारख्या तालुक्यात बस वर्ग घेऊन जाऊ शकते, तर महामार्गावरच्या संपन्न पट्ट्यात ते अशक्य म्हणता येणार नाही.

तिसरे म्हणणे असे की 2024 पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार दरमहा मिळतात, आता बाईला घराबाहेर काढायची गरज काय? त्या पैशाचे मोल कमी लेखू नका. गाडीभाडे आणि मुलाला सांभाळणाऱ्या शेजारणीचे पैसे त्यातून भागू शकतात, आणि त्याचा तसाच वापर करा असे मी सुचवीन. पण दीड हजारात हातात कसब येत नाही. देशाच्या श्रमबल पाहणीत 15 वर्षे आणि त्यावरील स्त्रियांचा सहभाग 2017-18 मधल्या 23.3 टक्क्यांवरून 2023-24 मध्ये 41.7 टक्क्यांवर गेला; पुरुषांचा 78.8 होता. या वाढीतला मोठा भाग घरच्या शेतात आणि घरच्या धंद्यात बिनपगारी किंवा तुटपुंज्या कमाईवर राबणाऱ्या स्त्रियांचा आहे. त्या कामाला पगार, भविष्य निर्वाह निधी आणि स्वतःची ओळख मिळवून द्यायची तर प्रशिक्षणाच्या आणि कारखान्याच्या दारातून जावेच लागेल.

एकेका घराने हे सगळे एकट्याने करावे, असे म्हणणे नाही. कंपन्यांनी अप्रेंटिस भरताना दर बॅचमध्ये एका गावातल्या किमान तीन-चार मुली एकदम घ्याव्यात आणि ट्रेनीला कायम कामगारांच्या बसमध्ये जागा द्यावी. याला फारसा खर्च येत नाही. प्रशिक्षण संस्थांनी वर्गाची वेळ सकाळी दहा ते दुपारी तीन ठेवून पाहावी. आणि पंचायतीकडे मागणीची जागा तर कायद्यानेच दिली आहे: वर्षातून किमान चार ग्रामसभा, आणि त्यांच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा. बहुतेक गावांत ही महिला सभा सह्या घेऊन उरकली जाते. पुढच्या सभेत ती उरकू देऊ नका. गावातल्या किती मुलींना कोणता कोर्स हवा आहे याची यादी करा, वर्ग शाळेत किंवा समाजमंदिरात घ्यावा आणि एसटीची वेळ बदलावी असा ठराव मांडा, तो इतिवृत्तात लिहून घ्या. त्याची एक प्रत जिल्हा कौशल्य विकास केंद्राला, एक एसटी आगाराला आणि एक जवळच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला पाठवा, आणि प्रत्येकाकडून पोच घ्या.